बूट मापाचे, चूल तंबूबाहेर

पावसाळा ओसरला की सह्याद्रीतल्या गडांवर मुक्कामी जाणाऱ्यांची संख्या वाढते. पहिल्यांदाच निघालेल्यांना खरेदी करताना दोन प्रश्न हमखास पडतात. बूट कोणते घ्यावेत आणि स्टोव्ह कोणता?

आधी बूट. दिवसभर चालून पाय किंचित सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी आणि ट्रेकचेच मोजे घालून पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर गड उतरताना बोटे पुढे आपटतात आणि नखे काळी पडतात. टाच मात्र आत सरकता कामा नये; ती घासली की फोड आलाच. चिखलात खोल खाचांचा तळ उपयोगी पडतो, तर ओल्या कातळावर मऊ रबर अधिक पकड देते. एवढे जमत असेल तर स्वस्त बूटही चालतात. मापात न बसणारे महागडे बूट त्रासच देतात. निघण्यापूर्वी ते काही दिवस रोजच्या चालण्यात वापरावेत.

आता स्टोव्ह. गॅसच्या डब्यावर बसणारा छोटा बर्नर साधारण शंभर ग्रॅमचा असतो. एक लिटर पाणी उकळायला सुमारे १५ ग्रॅम गॅस लागतो. या हिशोबाने किती गॅस न्यायचा ते ठरवता येते. भांड्यावर झाकण ठेवले तर गॅस वाचतो. बर्नर आणि डबा यांची जोडणी जुळते का, हे दुकानातच पाहावे. सह्याद्रीत ब्यूटेनचा डबा चालतो. हिमालयातल्या थंडीत मात्र तो साथ सोडतो, कारण शून्य अंशाच्या खाली ब्यूटेनची वाफ जवळजवळ होत नाही. तिथे प्रोपेन मिसळलेला गॅस लागतो. विमानात हे डबे नेता येत नाहीत, ते तिथे पोहोचल्यावरच घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाऊस असो वा थंडी, स्टोव्ह बंद तंबूत कधीही पेटवू नये. आगीचा धोका तर असतोच, शिवाय अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे दिवसभराचा थकवा समजून दुर्लक्षिली जातात आणि झोपेतच जीव जातो. तंबूत असे काही जाणवले तर सगळ्यांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि लगेच वैद्यकीय मदत मागवावी.