ताप उतरला, तरी जपा!

मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर जे मोठे धरण आहे, त्याला १३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात जलाशय तुडुंब भरला, की ते हिशेबाने उचलायचे आणि पाण्याचा जोर ओसरला, की पुन्हा खाली सोडायचे. दार बेताने उघडावे आणि वेळेवर मिटावे, यावर खालच्या गावांचे क्षेम अवलंबून असते. तुमच्या-आमच्या शरीरातही अशी दारे आहेत. तेरा नव्हेत, असंख्य! पावसाळा सरता सरता वऱ्हाडात डेंग्यूचे नाव कानी येऊ लागते, तेव्हा या दारांची ओळख घरोघरी असलेली बरी.

रक्तवाहिनी म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे रबराची नळी येते. ती कल्पना सोडून द्यावी. सर्वांत बारीक रक्तवाहिनीची भिंत म्हणजे चपट्या पेशींचा एकच पदर. फरशीला फरशी भिडवून लावावी तसा. या फरश्यांच्या सांध्यांतून काय आणि किती बाहेर झिरपू द्यायचे, हे सांध्यांतली प्रथिनेच ठरवतात. त्यांतले एक ‘व्हीई-कॅडहेरिन’. मिलान येथील एलिझाबेटा देजाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली त्याचे वर्णन केले. फुगडी घालताना दोघी मुली हात गुंफतात ना? तसेच हे प्रथिन एका पेशीतून हात पुढे काढून शेजारणीचा तसाच हात धरते. ही पकड टिकायला कॅल्शियम लागते. दुसरे ‘क्लॉडिन’. त्याचे हे नावच मुळी ‘मिटणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले. जपानमधील त्सुकिता यांच्या प्रयोगशाळेने ते १९९८ साली उजेडात आणले.

मग हे हात कायमचेच घट्ट का नसावेत? याचे उत्तर आपल्या अंगावरच मिळते. डास चावला, की त्या जागी गांध उठते. चाव्याजागी हिस्टामिन सुटते, शेजारच्या पेशी किंचित आकसतात, हात सुटतात आणि रक्तातला पातळ भाग बाहेर येतो. १९६१ साली मॅज्नो आणि पलाडे या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या बारीक शिरांत अशा फटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या. जखमेपाशी बचावाचे साहित्य पोचवायचे, तर दार थोडे उघडावेच लागते. अनर्थ होतो तो साऱ्या शरीरात दारे एकदम सैल झाली म्हणजे.

डेंग्यूत हीच भीती असते. तपासणीच्या कागदावर ‘एनएस-वन पॉझिटिव्ह’ असे लिहून येते, ते एनएस-वन म्हणजे या विषाणूचेच एक प्रथिन. ते नुसते रोगाची खूण नव्हे, हे २०१५ साली प्रयोगांतून दिसून आले. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूचे मऊ अस्तर ते खरवडते आणि भिंत पाझरू लागते. शरीराने विषाणूशी लढताना सोडलेली द्रव्येही सांधे ढिले करतात. रक्तातला पातळ भाग पोटात व छातीत साचतो, मागे राहिलेले रक्त दाट होते आणि नाडी क्षीण होऊ लागते.

यातली खरी मेख वेळेची आहे. ही गळती बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरू लागताना सुरू होते आणि २४ ते ४८ तास चालते. ‘ताप गेला, पोर सुटले’ म्हणून घर निर्धास्त होते, नेमके तेव्हाच! पोटात जोराने दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, ग्लानी किंवा तगमग, गार पडलेले हातपाय, कमी झालेली लघवी – यांतले एक जरी लक्षण दिसले, तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आपण मात्र भेटेल त्याला विचारतो, ‘प्लेटलेट किती?’ डॉक्टरांची नजर ‘हिमॅटोक्रिट’ या आकड्यावरही असते. तो चढू लागला, तर रक्त दाट होते आहे, म्हणजे गळती चालू आहे, असे समजावे. नुसत्या प्लेटलेट चढवून ही दारे मिटत नाहीत. ती चटकन मिटवणारे खात्रीचे औषध अद्याप हाती नाही. पण पेशी शाबूत असल्याने एक-दोन दिवसांत हात पुन्हा आपोआप गुंफले जातात. तोवर रोग्याला सावरून धरायचे, एवढेच काम. म्हणून सलाइनही मापानेच द्यावे लागते. कारण साचलेले पाणी रक्तात परतू लागले आणि वरून सलाइनही चालू राहिले, तर श्वासाला धाप लागते. तापासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे.

दिवाळीच्या झाडलोटीत कूलरची टाकी, फुटके डबे, करवंट्या कोरड्या कराच. पण त्यातूनही घरात कुणाला डेंग्यू झालाच, तर ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून जपा.