आत्याचा निधी, भाच्याची अणुभट्टी

तारापूरच्या आसपासच्या गावांत गरोदर बाईला सोनोग्राफीची धास्ती जरा जास्तच वाटते. बोईसरच्या दवाखान्यांत बाकावर बसले की कानावर पडते, 'आधीच इथे अणुभट्टी, त्यात पुन्हा पुन्हा हे मशीन. बाळाला बाधेल का?' डॉक्टर घाईत 'काही होत नाही' म्हणतात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. पुरे उत्तर शोधण्याच्या नादाने मला वर्षानुवर्षे धरून ठेवले आहे, आणि त्या शोधाची एक वाट अनपेक्षितपणे मुंबईच्या एका पारशी घराण्यापाशी येऊन पोचली.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो. प्रोबमधून निघतात त्या ध्वनिलहरी, सेकंदाला साधारण वीस ते पन्नास लाख कंपनांच्या. त्या अणूतले इलेक्ट्रॉन उडवत नाहीत. एक्स-रे उडवतो. आणि बायकांच्या मनातली भीती निराधारही नाही, कारण सोनोग्राफी येण्यापूर्वी कित्येक दशके डॉक्टर गरोदर बाईच्या पोटाचे एक्स-रेच काढत होते. बाळ आडवे आहे का, जुळे आहे का, कंबरेचे हाड पुरेसे रुंद आहे का, हे पाहण्याचे दुसरे साधनच नव्हते.

तो प्रकार थांबण्याची सुरुवात डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांच्यापासून होते. ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या या बाईंना एक गोष्ट खटकली : रक्ताच्या कर्करोगाने दोन ते चार वर्षांची मुले अधिक दगावत होती. इतक्या लहान वयात आजार उमटतो, तर त्याचे बीज जन्मापूर्वी पडले असणार. मग उत्तर आईलाच ठाऊक असेल, असा त्यांचा सरळ विचार. इंग्लंड-वेल्समध्ये 1953 ते 1955 या काळात कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या आयांपर्यंत त्यांनी आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत प्रश्नावली पोचवली, आणि निरोगी मुलांच्या आयांनाही तेच प्रश्न विचारले. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात जवळजवळ दुप्पट निघाले. 1956 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छोटे टिपण आले, 1958 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सविस्तर लेख.

वैद्यकीय जगाला हे रुचले नाही. आयांच्या आठवणीवर काय विसंबायचे, हा पहिला आक्षेप. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे रिचर्ड डॉल यांच्यासारखे मातब्बर संशोधक विरोधात उभे राहिले. 1960 च्या त्यांच्या अभ्यासात असा धोका दिसला नव्हता. 1962 मध्ये हार्वर्डच्या ब्रायन मॅकमहॉन यांनी आयांना काहीही न विचारता रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त निघाला. स्ट्युअर्टबाईंचे म्हणणे खरे ठरले, तरीही गरोदरपणातले एक्स-रे बंद व्हायला पुढे बराच काळ गेला.

स्ट्युअर्टबाईंच्या पाहणीला पैसा कुठून आला? हजार पौंड, आणि ते आले लेडी टाटा स्मृतिनिधीतून. लेडी टाटा म्हणजे दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई. साडी नेसून टेनिस गाजवणाऱ्या, बालविवाहाला आळा घालणाऱ्या शारदा कायद्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या. 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्या आजाराच्या संशोधनासाठी निधी उभा केला.

मेहरबाई माहेरच्या भाभा. त्यांच्या भावाचा मुलगा होमी. 1964 मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी तारापूरचा करार झाला, तेव्हा भारताच्या अणुकार्यक्रमाची सूत्रे या होमी भाभांच्या हाती होती. 1966 मध्ये विमान अपघातात ते गेले; 1969 मध्ये तारापूरची वीज सुरू झाली. आत्याच्या नावाच्या पैशातून जगाला कळले की थोडासा किरणोत्सर्गही गर्भाला बाधू शकतो. भाच्याच्या ध्यासातून पालघरच्या किनाऱ्यावर देशातले पहिले अणुवीज केंद्र आले. स्ट्युअर्टबाई पुढे अमेरिकेतल्या हॅनफर्ड अणुकेंद्राच्या कामगारांच्या अभ्यासात उतरल्या, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आतल्या मात्रेनेही कर्करोग वाढतो असा 1977 चा वादग्रस्त निष्कर्ष त्यांच्या गटाने मांडला. अणुकेंद्राच्या कुंपणाशेजारी राहणाऱ्या माणसाच्या मनातला प्रश्न त्यांनी जन्मभर विचारला. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे.

एक्स-रेला पर्याय मात्र कारखान्यातून आला. 1955 च्या जुलैत ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कारखान्यात गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचे यंत्र होते. तुलनेसाठी कारखान्याने गोमांसाचा मोठा तुकडा पुरवला. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी स्पष्ट वेगळे आले. पुढे टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याच्या मदतीने यंत्र घडले, आणि जून 1958 मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकर व ब्राउन यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. स्ट्युअर्टबाईंचा सविस्तर लेखही याच वर्षीचा.

तारापूर एमआयडीसीत वेल्डिंगची यूटी, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासणी, करणाऱ्या कामगाराला हे नवे वाटणार नाही. तो नळीच्या जोडावर जेल लावून प्रोब फिरवतो आणि पडद्यावर भेग शोधतो. त्याच्या बायकोच्या पोटावर फिरतो तो प्रोब याच घराण्यातला.

फरक इतकाच की पोलादाला थोडी ऊब लागली तर बिघडत नाही. ध्वनिलहरी शरीरात शोषल्या जातात तेव्हा उष्णता होते, हाडाजवळ अधिक. बाळाचे तापमान दीड अंशाच्या आत वाढले तर चिंता नसते. चार अंशांनी वाढून पाच मिनिटे टिकले तर धोका संभवतो, असे तज्ज्ञ संघटना मानतात. साध्या चित्रात इतकी उष्णता होत नाही. रक्तप्रवाह तपासणाऱ्या डॉपलरमध्ये लहर एका जागी रोखलेली असते, म्हणून पहिल्या तिमाहीत तो कारणाशिवाय लावू नये आणि लावलाच तर पडद्यावरचा उष्णतेचा निर्देशांक (थर्मल इंडेक्स) एकच्या आत ठेवून पाच-दहा मिनिटांत आटपावा, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे.

पर्थमधल्या 2,834 गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात वारंवार डॉपलरसह तपासणी झालेल्या गटात कमी वजनाची बाळे जरा जास्त दिसली आणि 1993 मध्ये खळबळ उडाली. तीच मुले आठ वर्षांची झाल्यावर 2004 मध्ये पुन्हा पाहिली, तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. हा मोठा दिलासा आहे. पण जुने पुरावे जुन्या, सौम्य यंत्रांचे आहेत. 1992 नंतर अमेरिकेने गर्भतपासणीची परवानगीची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला 94 मिलिवॅटवरून 720 वर नेली, म्हणजे साडेसात पटींहून जास्त. बदल्यात अट अशी की यंत्राने निर्देशांक पडद्यावर दाखवावा आणि वापरणाऱ्याने तो पाहावा. 2007 मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या एका पाहणीत थर्मल इंडेक्सचा अर्थ नीट सांगू शकले यंत्र वापरणाऱ्यांपैकी फक्त 17.7 टक्के.

अणुकेंद्रात कामगाराच्या अंगावरचा डोस 'आलारा' तत्त्वाने मोजतात : काम होईल इतकाच, शक्य तितका कमी. सोनोग्राफीच्या पाठ्यपुस्तकांतही हेच तत्त्व आहे. तारापूरच्या आत त्याची वहीत नोंद होते. बोईसरच्या सोनोग्राफी खोलीत होते का?

तिथे नोंद होते ती गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखालच्या फॉर्म एफची. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 चा, आणि 2003 च्या दुरुस्तीनंतर तो अधिक कडक झाला. फॉर्ममध्ये बाईचे वय, आधीची मुले, कोणी पाठवले, तेवीस कारणांपैकी कोणते कारण, तिची सही, डॉक्टरची सही असे सारे असते. हे हवेच आहे. नोंदींतली हयगय हा गुन्हाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठामपणे सांगितले आणि ते योग्यच केले. पण हा फॉर्म मी ओळीने वाचला तेव्हा लक्षात आले : डॉपलर लावला का, किती मिनिटे, निर्देशांक किती, याला त्यात जागाच नाही. मुलीच्या जिवासाठी कायदा जागा आहे. तिच्या अंगाला लागणाऱ्या उष्णतेची विचारपूस कोणी करत नाही.

आणि याच पालघर जिल्ह्यात पूर्वेकडे वळले की प्रश्न उलटा होतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून गरोदर बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. अडले तर सिल्वासा, नाशिक किंवा ठाणे गाठायचे. जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून सांगते की चोवीस आठवड्यांच्या आत प्रत्येकीची एक सोनोग्राफी व्हावी. खाली सरकलेली वार, आडवे बाळ, जुळे हे आधी कळले तर जीव वाचतो. बोईसरची बाई चौथ्या तपासणीला बसते आणि मोखाड्याची पहिल्याच तपासणीची वाट पाहते, हे मला सोनोग्राफीच्या उष्णतेपेक्षा कितीतरी घातक वाटते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. फॉर्म एफमध्ये दोन रकाने वाढवा : थर्मल इंडेक्स आणि मिनिटे. पाड्यावरच्या बाईच्या पहिल्या तपासणीची तारीख आरोग्य केंद्राने गरोदरपणाच्या नोंदणीच्या दिवशीच ठरवून द्यावी आणि तिथवर नेणारी गाडीही. तोपर्यंत बाकावरच्या आईने डॉक्टरांना दोन प्रश्न बेधडक विचारावेत : 'ही तपासणी कशासाठी? डॉपलर लागणार आहे का?' स्ट्युअर्टबाईंचे संशोधन उभे राहिले ते आयांना विचारल्यामुळे. आता आयांनीही विचारायला हवे.