पेटणारे दोन शब्द

पेट्रोलचा टँकर तुम्ही रस्त्याने जाताना पाहिलाच असेल. त्याच्या पाठीवर कधी ‘फ्लॅमेबल’ असे इंग्रजीत लिहिलेले असते, तर कधी ‘इन्फ्लॅमेबल’. मग या दोहोंत फरक कोणता?

शाळेत मुले शिकतात, ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर आणि ‘इन्करेक्ट’ म्हणजे चूक. त्या हिशेबाने ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे न पेटणारे, असे कुणालाही वाटेल. पण तसे धरून चालाल तर घात होईल! दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : चटकन पेट घेणारे.

इथला ‘इन्’ नकाराचा नव्हे. पेटवणे या अर्थाच्या ‘इन्फ्लामारे’ या लॅटिन क्रियापदातून तो आलेला आहे. आपला ‘वि’ पाहा ना! ‘विफल’ यात तो फळ हिरावून घेतो. ‘विख्यात’ माणसाची ख्याती मात्र वाढवतो.

हा घोटाळा जिवावर बेतू नये म्हणून १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेने ‘फ्लॅमेबल’ हाच शब्द वापरावा, असा आग्रह धरला. न पेटणाऱ्या वस्तूसाठी ‘नॉनफ्लॅमेबल’ हा वेगळा शब्द आहे.

गुरुजी, हे तिन्ही शब्द एकदा फळ्यावर लिहाच. आणि शेतकरी बंधूंनो, औषधाच्या डब्यावर यांतला पहिला दिसो की दुसरा, विडी-काडी आणि चूल यांपासून डबा लांबच ठेवा.