रोजच्या स्वयंपाकासाठी कोणते पुस्तक?

पाककृतींचे पुस्तक घेताना बहुतेकांची नजर प्रथम रंगीत छायाचित्रांकडे जाते. नोकरी-शिक्षणासाठी घराबाहेर पडलेल्या आणि प्रथमच स्वतः रांधणाऱ्यांची गरज मात्र वेगळी असते. त्यांनी दुकानातच साधे वरण, मटकीची उसळ आणि घडीची पोळी ही पाने उघडावीत. मटकी किती तास भिजवावी, मोड केव्हा येतात, मोहरी तडतडल्यावरच हळद का घालावी, हे तेथे लिहिले आहे का? 'मीठ अंदाजाने' एवढ्यावर भागवणारे पुस्तक ज्याला अंदाज आहे, त्याच्याच उपयोगाचे!

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि घरोघरी पोहोचले. वाटी-चमच्याचे प्रमाण हे त्यामागचे एक मोठे कारण. वजनकाट्यावाचून काम भागते. शिवाय ४ जणांचे प्रमाण दोघांसाठी निम्मे करणे सोपे जाते. मोजण्यासाठी वाटी मात्र एकच ठरवून ठेवावी, कारण घरातल्या सगळ्या वाट्या सारख्या नसतात. शिजण्याचा वेळही प्रमाणासोबत निम्मा होत नाही. तेथे पुस्तक बाजूला ठेवून डाळीचा दाणा बोटांनी दाबून पाहावा.