पेट्रोल महाग, गाडी खादाड – दोष कुणाचा?

कोकणात आपल्या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे आपल्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते. घाणा चालवायचा, तेल काढायचे, गावात विकायचे आणि शब्बाथला घाणा बंद. तेलाचा भाव का चढतो, हे त्या माणसांना कुणी शिकवावे लागत नसे. तिळाचे पीक कसे आले, बैलाच्या वैरणीला काय पडले, बाजारात माल किती आहे, सगळे समोर दिसत होते.

आज त्यांचेच नातू-पणतू सिडनी-मेलबर्नला टाकीत पेट्रोल भरतात आणि भावाचा फलक बघून कपाळाला हात लावतात. इथे पंपाला ‘सर्व्हो’ म्हणतात. सकाळी एका सर्व्होवर एक भाव, संध्याकाळी त्याच सर्व्होवर दुसरा. मुंबईचे पाहुणे विचारतात, “हे काय हो, सरकारचे लक्ष नाही का?” भारतात जून २०१७ पासून भाव रोज बदलता येतो, पण तो कंपनी ठरवते आणि सकाळी जाहीर होतो. इस्राएलमध्ये साध्या ९५ ऑक्टेन पेट्रोलचा कमाल भाव सरकार महिन्याच्या सुरुवातीला जाहीर करते. ऑस्ट्रेलियात तसे काही नाही. प्रत्येक सर्व्होने आपला भाव आपण लावायचा.

किद्दुशनंतर चहाच्या टेबलावर हा विषय निघाला की तीन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, “कंपन्या चोर.” दुसरा म्हणतो, “सरकारच टॅक्स खाते.” तिसरा म्हणतो, “अरबांनी भाव वाढवला, आपण काय करणार?” तिघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे. पण चौथी गोष्ट कुणी काढत नाही. ती म्हणजे बाहेर उभी असलेली आपली गाडी. आधी तिघांचा हिशेब बघू, मग गाडीकडे वळू.

भाव सिंगापूरला ठरतो

ऑस्ट्रेलियातले तेलशुद्धीकरण कारखाने एकेक करून बंद पडले. सिडनीचा क्लाइड २०१२ मध्ये, कर्नेल २०१४ मध्ये, ब्रिस्बेनचा बुलवर आयलंड २०१५ मध्ये, आणि पर्थजवळचा क्विनाना व मेलबर्नचा आल्टोना २०२१ मध्ये. ब्रिस्बेनचा लिटन आणि जिलाँग असे दोनच उरले. त्यामुळे देशाला लागणारे बहुतेक पेट्रोल-डिझेल जहाजाने बाहेरून येते आणि इथला घाऊक भाव सिंगापूरच्या बाजारभावाला बांधलेला असतो. त्यावर जहाजाचे भाडे, विमा आणि ऑस्ट्रेलियन डॉलरचा दर. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले, मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने उडी मारली, तेव्हा कॅनबेराचे कुठलेही सरकार ते थांबवू शकले नाही. म्हणजे तिसऱ्या माणसाचे म्हणणे बरेचसे खरे आहे.

सरकारचा हात किती?

लिटरमागे ठरावीक सेंट अशी एक्साइज आहे आणि त्या एक्साइजसकट झालेल्या किमतीवर १० टक्के जी.एस.टी. १९८३ मध्ये हॉक सरकारने एक्साइज महागाईशी जोडली, त्यामुळे ती आपोआप वाढू लागली. मार्च २००१ मध्ये लोकांच्या रागाला घाबरून हॉवर्ड सरकारने ती ३८.१४३ सेंटवर गोठवली. २०१४ च्या नोव्हेंबरात ॲबट सरकारने पुन्हा वाढ सुरू केली. २०२२ मध्ये मॉरिसन सरकारने सहा महिन्यांसाठी ४४.२ सेंटची २२.१ सेंट केली, मग ती पूर्ववत झाली. २०२५ मध्ये ती ५० सेंटच्या वर होती.

समजा भाव लिटरला १ डॉलर ८० सेंट आहे. त्यात जी.एस.टी. सुमारे १६ सेंट आणि एक्साइज ५० सेंट धरली, तर सरकारचे ६६ सेंट होतात. तिसऱ्या भागाहून जास्त! दुसऱ्या माणसाचेही चुकले नाही. पण युरोपात टॅक्स याहून जड आहे आणि तिथला माणूस वर्षाला पेट्रोलवर आपल्यापेक्षा जास्त खर्च करतोच असे नाही. कारण तो लहान गाडी चालवतो.

आणि कंपन्या?

ऑस्ट्रेलियात ए.सी.सी.सी. नावाचा स्पर्धा आयोग आहे. तो वर्षानुवर्षे पेट्रोलवर अहवाल काढतो. २००७ च्या डिसेंबरात त्याने मोठी चौकशी पुरी केली. संगनमत कधीच झाले नाही असे नाही. बॅलरॅट गावच्या पंपवाल्यांनी फोनवरून एकमेकांत भाव ठरवल्याबद्दल कोर्टाने २००५ मध्ये २ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक दंड केला. जिलाँगच्या तशाच खटल्यात मात्र २००७ मध्ये आयोग हरला.

पण मोठ्या शहरांत भाव वरखाली होतो तो बहुधा गुपचूप बैठकीमुळे नाही. एक मोठी साखळी भाव एकदम चढवते, बाकीच्या मागोमाग चढवतात, मग रोज थोडा थोडा उतरवतात. हे झाले भावाचे चक्र. त्याचा सिंगापूरशी रोजचा संबंध नसतो, हे आयोगच सांगतो. पूर्वी चक्र आठवड्याचे होते. मंगळवार-बुधवार स्वस्त, गुरुवार-शुक्रवार महाग. शब्बाथच्या आधी शुक्रवारी दुपारी टाकी भरून ठेवणारे आपले लोक नेमके महाग दिवशी सापडत! आता सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेनला हे चक्र कित्येक आठवडे चालते.

यावर उपाय पश्चिम ऑस्ट्रेलियाने काढला. जानेवारी २००१ पासून तिथे ‘फ्यूएलवॉच’ आहे. उद्याचा भाव आज दुपारी कळवायचा आणि सकाळी ६ पासून २४ तास बदलायचा नाही. रड सरकारला २००८ मध्ये हे देशभर करायचे होते, सिनेटने ते नामंजूर केले. न्यू साऊथ वेल्समध्ये २०१६ पासून ‘फ्यूएलचेक’वर प्रत्येक सर्व्होचा चालू भाव बघता येतो. तो फुकट आहे. ज्यांना फोनवर जमत नाही त्यांनी नातवंडाला सांगावे.

आता गाडीकडे बघू

भारतात आपण विचारतो, “गाडी एका लिटरला किती जाते?” इथे उलटे विचारतात, शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात? आकडा जितका लहान तितके चांगले. १२ म्हणजे लिटरला जेमतेम ८ किलोमीटर. ७ म्हणजे लिटरला १४ च्या वर.

समजा एक घर वर्षाला १२,००० किलोमीटर गाडी चालवते. १२ वाल्या गाडीला १,४४० लिटर लागले. १ डॉलर ८० च्या भावाने २,५९२ डॉलर. ७ वाल्या गाडीला ८४० लिटर, म्हणजे १,५१२ डॉलर. फरक १,०८० डॉलर.

आता बाकीची बचत मोजा. सुपरमार्केटच्या पावतीवर लिटरला ४ सेंट सूट मिळते. १,४४० लिटरवर ती वर्षाला ५८ डॉलरही होत नाही. भावाचे चक्र सांभाळून लिटरला सरासरी २० सेंट वाचवले, तर २८८ डॉलर. २०२२ ची एक्साइज कपात पूर्ण हाताशी आली असे धरले, तरी सहा महिन्यांच्या ७२० लिटरवर साधारण १६० डॉलर. म्हणजे ज्या गोष्टींवरून आपण भांडतो त्या सगळ्या एकत्र केल्या तरी एका खादाड गाडीपुढे फिक्या पडतात.

पण खादाड गाड्या आल्या कुठून?

इथे दोष फक्त घेणाऱ्याला देता येणार नाही. या देशाने मोठी गाडी स्वतः जोपासली. १९९६ ते २०१० सलग सर्वांत जास्त खपलेली गाडी होती होल्डन कमोडोर. तिची जोडीदार फोर्ड फाल्कन, ४ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन. कारखाने इथे होते, कामगार इथे होते, त्यांना सांभाळायचे होते. ते समजण्यासारखे आहे.

पण कायदेही त्याच बाजूला झुकलेले होते. २००० ते २००४ या काळात साध्या आयात गाडीवर १५ टक्के जकात होती आणि फोर-व्हील ड्राइव्हवर फक्त ५ टक्के. शहरात मुलांना शाळेत सोडायला डोंगरातली गाडी का आली, याचे एक उत्तर त्यात आहे. त्याहून गमतीचा होता कंपनीच्या गाडीवरचा कर. २०११ पर्यंत गाडी जितकी जास्त पळेल तितका त्या कराचा दर कमी. वर्षाला १५,००० किलोमीटरच्या आत राहिलात तर २६ टक्के, ४०,००० च्या वर गेलात तर ७ टक्के! पेट्रोल जाळणाऱ्याला बक्षीस.

सर्वांत मोठी चूक मात्र नियम न करण्याची. अमेरिकेने गाड्यांच्या इंधनाचा कायदा १९७५ मध्ये केला, युरोपने २००९ मध्ये कार्बनची मर्यादा घातली, भारताने २०१७ मध्ये नियम लागू केला. ऑस्ट्रेलियात कंपन्यांनी स्वखुशीने आकडा ठरवायचा, असे चालले होते. २०१४ मध्ये सरकारच्याच क्लायमेट चेंज ऑथॉरिटीने सांगितले की २०१८ पासून सक्तीचा नियम करा. तो झाला नाही. कायदा झाला मे २०२४ मध्ये आणि लागू झाला १ जानेवारी २०२५ पासून. कंपनीने विकलेल्या नव्या गाड्यांची सरासरी त्यात मोजतात. साध्या गाडीला २०२५ मध्ये किलोमीटरमागे १४१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, २०२९ मध्ये ५८. तडजोड झालीच. लँड क्रूझरसारख्या मोठ्या गाड्या माल वाहणाऱ्या गाड्यांच्या सैल गटात गेल्या.

या दिरंगाईची किंमत कोण भरते? नवी गाडी घेणारा नव्हे. इथल्या रस्त्यावरच्या गाडीचे सरासरी वय दहा वर्षांच्या वर आहे. आपल्यातला जो कुणी नवीन येतो, तो पहिली गाडी सेकंडहँड घेतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी जे विकले गेले त्यातूनच त्याला निवडावे लागते. त्या वेळी नियम नव्हता, म्हणून कमी पिणाऱ्या गाड्या इथे थोड्याच आल्या. शिवाय नवीन माणसाला घर परवडते ते शहराच्या टोकाला, जिथे रेल्वे नाही. ग्रिफिथ विद्यापीठाच्या डॉडसन आणि साइप या दोघांनी २००६ पासून नकाशे काढून हेच दाखवले. पेट्रोल चढले की टोकाच्या वस्त्यांना सर्वांत जास्त झळ बसते. गृहकर्ज तिथे, लांबचा प्रवास तिथे आणि जुनी गाडीही तिथेच. त्यांनी त्या मोजपट्टीला नाव दिले ‘व्हँपायर’. रक्त पिणारा!

मग दोष कुणाचा?

माझे मत विचाराल तर भावाचा दोष बहुतांशी जगाच्या बाजाराचा, थोडा सर्व्होवाल्यांचा. टॅक्स आहे, पण दवाखाने आणि रस्तेही आहेत. गाड्यांच्या खादाडपणाचा दोष मात्र कॅनबेराचा. दोन्ही पक्षांचा. आणि ज्यांना निवड परवडत होती तरी ज्यांनी गरजेपेक्षा मोठी गाडी घेतली, त्यांचाही. २०१६ पासून सर्वांत जास्त खपणारी गाडी कायम यूटच आहे, आधी हायलक्स आणि २०२३ पासून रेंजर. सुतार, प्लंबर यांना ती लागते. ऑफिसला एकट्याने जाणाऱ्याला कशाला?

गाडी बदलायची ऐपत किंवा गरज नसेल, तरी एक काम आजच करता येईल. टाकी पूर्ण भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर बसले ते लिहा, त्याला पळालेल्या किलोमीटरने भागा आणि शंभराने गुणा. तो तुमच्या गाडीचा खरा आकडा. काचेवरच्या लेबलवर लिहिलेल्यापेक्षा तो बऱ्याचदा जास्त निघतो. इथल्या मोटर संघटनेने २०२३ पासून रस्त्यावर केलेल्या चाचण्यांतही अनेक गाड्यांचे तसेच दिसले. आकडा वाढू लागला तर आधी टायरची हवा बघा, मग मेकॅनिककडे जा. आणि घरातल्या मुलाने-मुलीने गाडी घ्यायची म्हटले, तर रंग आणि कॅमेरा विचारण्याआधी शंभराला किती लिटर, हे विचारायला सांगा.