मध्यावर थांबलेल्या वाकळा

अर्धवट वाकळ बहुतेक वेळा मध्यावर थांबलेली असते. गेल्या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक उतरवली आणि सासूबाईंची, थोरल्या जाऊबाईंची, माझी अशी वर्षानुवर्षं साठलेली बाडं हॉलभर पसरली, तेव्हा सगळ्यांचं दुखणं एकच निघालं. चहूबाजूंनी हात-दीड हात नेटका धावदोरा, आणि मधला चौकोन कोरा. या दिवाळीपर्यंतचं वर्ष त्या चौकोनांत गेलं.

कारण शिवण्याच्या रीतीतच आहे. खाली अस्तराचं लुगडं अंथरायचं, त्यावर विरलेल्या धोतरांचे, साड्यांचे थर, सगळ्यात वर तुकड्यांचा जोड. कडा आत मुडपायच्या, लांब टाके घालून सगळं टाचून घ्यायचं आणि कडेपासून एकात एक चौकोन घेत आत सरकायचं. चौघी चार बाजूंना बसल्या की गप्पांच्या नादात मध्य कधी आला ते कळायचंही नाही. एकटी बाई कड हौसेनं शिवते. आत सरकू लागली की शिवलेल्यावरच बसावं लागतं, कंबर धरते, आणि मग ‘उद्या बघू’. त्यात हे काम उन्हाळ्यातलं, रान मोकळं असतानाचं. मृग तोंडावर आला की वाकळ गुंडाळून माळ्यावर. पुढच्या चैत्रात ती खाली येईलच असं नाही.

सासूबाईंची सगळ्यात जुनी. सासरे परळला गिरणीत होते. गिरणीच्या दुकानातून स्वस्तात आणलेले चिटाचे तुकडे तिच्यात ओळीनं लावलेत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. सासरे गावी आले ते कायमचेच. सासूबाई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाऊ लागल्या, मग सुई कोण धरणार? इतक्या वर्षांनी उलगडली तर कापड अजून खणखणीत, टाचलेला दोरा मात्र बोट लावताच तुटत होता. मध्याजवळ टोचून ठेवलेल्या सुईनं गंजाचा तांबडा डाग पाडला होता. तो डाग मी काढला नाही. लिंबू-मिठानं फिका झाला असता, पण म्हटलं, असू दे.

हिला पुरी करणं सोपं नव्हतं. कडेकडून शिवत आलं की ढिलं कापड आत आत ढकललं जातं आणि मध्यावर फुगा धरतो. टाचणी पक्की असली की तो आवरतो, इथे टाचणीच गेलेली. शेवटच्या दोन फेऱ्या उसवल्या, थर तळहातानं बाहेर सारले, चार-चार बोटांवर नव्यानं टाचलं. तरी थोडं कापड उरलंच, ते बारीक चुण्यांत जिरवलं. मी कुरकुरले तर जाऊबाई म्हणाल्या, “अगं, पांघरल्यावर चुणी कुणाला दिसतीय?” हे त्यांचं नेहमीचंच. आणि खरं सांगायचं तर बरोबरही.

माझ्या वाकळांचं निराळंच. त्या सुरू केल्या तोवर घरात सुती लुगडी संपून सिंथेटिक साड्यांचा ढीग झाला होता. हे कापड सुळसुळीत, टाचलं तरी सरकतं, घाम टिपत नाही. सुती धुतल्यावर आटतं, हे आटत नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र शिवलेली वाकळ पहिल्या धुण्यातच वाकडी होते. त्या मी पुऱ्या केल्याच नाहीत. उसवल्या, सुती तेवढं काढून घेतलं. हातात घेतलेलं तडीला न्यायलाच हवं हा हट्ट वाकळीच्या बाबतीत तरी मला पटत नाही. चिंध्यांपासून झालेली वस्तू, पुन्हा चिंध्या झाली तर कुठं बिघडलं? त्यांतून एक दुपटं झालं, तेही हौसेखातर. घरात तान्हं कुणी नाही.

एकटीनं शिवायचं तर जमीन सोडावी, या मताला मी वर्षभरात आले. जेवणाच्या टेबलावर वाकळ पसरायची, दोन्ही अंगांनी गुंडाळी करून मोठ्या पिना लावायच्या आणि उघडा राहिलेला पट्टा खुर्चीवर बसून शिवायचा. जाऊबाईंना हे बिलकूल मंजूर नाही. त्या खालीच बसतात. चौघींच्या जागी आम्ही दोघी, आणि संध्याकाळी शेजारच्या काकू चहाला येऊन एक बाजू धरतात. शहरात हातशिलाईच्या गोधडीची किंमत ऐकून लोक भुवया उंचावतात. त्यांनी एक दुपार तिच्या मध्यावर बसून बघावं.

एक मात्र राहिलीच आहे, जाऊबाईंची दुसरी. वरचा जोड तयार आहे, अस्तर आहे, आतल्या थराला कापड नाही. नवं कोरं सुती ताठ असतं, सुईला दाद देत नाही. त्याला धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतरच लागतं. धोतर नेसणारे आता आमच्या भावकीत एक चुलत सासरे तेवढे उरलेत. जाऊबाईंनी त्यांच्याकडे शब्द टाकून ठेवलाय. ते म्हणतात, अजून दोन वर्षं जाईल हे.