आधी उमेद की आधी काम?

"फादर, ह्यांचं कशातच मन लागत नाही. शेताकडे फिरकत नाहीत, ताट पुढे ठेवलं तर तसंच राहतं. विचारलं तर म्हणतात, काही नाही." अशी तक्रार घेऊन घरची मंडळी येतात तेव्हा निदानही बहुधा बरोबर घेऊन येतात. कोणी म्हणतो आळस आहे, कोणी म्हणतो बाहेरची बाधा आहे. ज्या घरात रोज सायंकाळी रोझरी होते तिथे तिसरे निदान असते: विश्वास कमी पडला. पहिली दोन निदाने चुकीची आहेत; तिसरे चुकीचे तर आहेच, शिवाय आजाऱ्याच्या छातीवर ते आणखी एक धोंडा ठेवते.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. पहिला राजे, अध्याय एकोणिसावा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा देवमाणूस ईजबेल राणीच्या धाकाने अरण्यात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. देवाने त्याला विश्वासावर प्रवचन दिले का? नाही. दूत आला, त्याने भाकर आणि पाणी दिले. एलीया पुन्हा झोपला. दूत पुन्हा आला, पुन्हा खायला घातले आणि मगच पुढच्या वाटेला लावले. एलीयाला कोणता आजार होता हे ठरवणे माझे काम नव्हे. परंतु एवढा थकलेला माणूस दिसला की आधी काय करावे, ते या अध्यायात आहे.

डॉक्टर या आजाराला डिप्रेशन म्हणतात. मराठीत नैराश्य किंवा खिन्नता. पीक गेले, घरातले माणूस गेले, तर दुःख होणारच. ते दुःख म्हणजे आजार नव्हे. परंतु उदासपणा किंवा कशातच गोडी न वाटणे हे दिवसचे दिवस, निदान दोन आठवडे टिकून राहते, झोप उडते किंवा अती येते, भूक जाते, अंगात त्राण नसते, लक्ष लागत नाही, आपण निकामी आहोत असे वाटते, जगणे नकोसे होते, तेव्हा तो आजार समजावा. दवाखान्यात यासाठी नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. डॉक्टर रक्तही तपासायला सांगतील, कारण थायरॉईडचा बिघाड किंवा रक्त कमी असणे यामुळेही माणूस असाच मलूल दिसतो.

मग हा आजार येतो कसा आणि जातो कसा? शहाण्या माणसांनी याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

व्हिएन्नाच्या डॉक्टर फ्रॉइड यांनी १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे मांडले की, गमावलेल्या माणसावरचा राग मनुष्य नकळत स्वतःवरच उलटवतो आणि खिन्न होतो. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून अनेक वेळा कोचावर पडून, महिनोन् महिने, मनात येईल ते बोलत जाणे. बोलण्याने मन मोकळे होते हे आपण त्यांच्याकडून शिकलो. पण ही पद्धत आपल्या शेतकऱ्याला परवडणारी नव्हे. तोवर म्हशीचे दूध कोण काढणार?

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरचे डॉक्टर ॲरन बेक हे फ्रॉइडच्याच परंपरेत शिकलेले. १९६० नंतरच्या दशकात त्यांच्या ध्यानात आले की खिन्न माणसाच्या मनात एकच सूर सतत चालू असतो: मी निकामी, जग वाईट, पुढे काही चांगले होणार नाही. एका वर्षी भात आडवे झाले, तर "या वर्षी पाऊस अवेळी आला" असे तो म्हणत नाही. "माझ्या हातून काहीच नीट होत नाही" असे म्हणतो. बेक यांची चिकित्सा अशी की हा विचार पकडायचा, समोर ठेवायचा आणि खरा आहे का ते तपासायचे. ही पद्धत जगभर मान्य झाली. बेक २०२१ साली वयाच्या शंभराव्या वर्षी वारले.

तिसरी वाट वागणुकीकडे पाहणाऱ्यांची. १९७० नंतरच्या दशकात फर्स्टर आणि लेविनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी म्हटले की, खिन्न माणसाच्या डोक्यात काय आहे हे क्षणभर बाजूला ठेवा आणि त्याचा दिवस कसा जातो ते पाहा. ज्या गोष्टींतून त्याला समाधान मिळत असे, त्या एकेक करून त्याने सोडलेल्या असतात. १९९६ साली जेकबसन यांनी सुमारे दीडशे रुग्ण घेऊन बेक यांच्या चिकित्सेचे भाग वेगवेगळे करून पाहिले. नुसता दिनक्रम सावरण्याचा भाग ज्यांना दिला, ते संपूर्ण चिकित्सा मिळालेल्यांच्या बरोबरीने सुधारले. २०१६ साली इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवर मोठी पाहणी झाली. तिच्यातही कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांनी दिलेली ही साधी चिकित्सा तज्ज्ञांनी दिलेल्या विचारांच्या चिकित्सेपेक्षा उणी ठरली नाही.

याचे मर्म शेतकऱ्याला लवकर कळावे. विहिरीवरचा पंप कोरडा पडला की नुसते बटण दाबून पाणी येत नाही. मोटर फिरते, आवाज होतो, पाणी नाही. आधी वरून कळशीभर पाणी ओतावे लागते, मग पंप पाणी ओढतो. खिन्न माणूस म्हणतो, "उमेद आली की उठेन." आपण निरोगी असतो तेव्हा हे खरे असते, उमेद येते, मग आपण काम करतो. या आजारात मात्र हा क्रम बंद पडतो. उमेद नाही म्हणून तो शेताकडे जात नाही; गेला नाही म्हणून तण माजते; तण दिसू नये म्हणून त्या वाटेनेच जाणे टाळतो. सोसायटीची नोटीस येते, ती न फोडता फळीवर ठेवतो. टाळले की घटकाभर बरे वाटते, म्हणून टाळण्याचीच सवय लागते, आणि न फोडलेली नोटीस रोज थोडी मोठी होत जाते. म्हणून काम आधी सुरू करायचे, कळशीभर. उमेद मागाहून येते.

"मग आम्ही तेच तर सांगतो, फादर! ऊठ, कामाला लाग, बरा होशील." नाही, बंधूंनो, हे ते नव्हे. दटावून दिवसभराचे काम अंगावर टाकणे म्हणजे कोरड्या पंपाला लाथ मारणे. चिकित्सेत काम इतके लहान असते की घरच्यांना त्याचे हसू यावे. काम आजाऱ्याशी बोलून ठरवायचे, त्याला पूर्वी ज्याची आवड होती त्यातले निवडायचे, वार आणि वेळ ठरवून लिहून ठेवायचे. आणि झाले की नाही हे विचारायला कोणीतरी न रागावता यायचे.

समजा, खानापूरकडचा एक रताळी लावणारा शेतकरी आहे. पहिल्या आठवड्यात त्याने फक्त एवढे लिहायचे की सकाळपासून रात्रीपर्यंत काय केले आणि तेव्हा जिवाला कसे वाटत होते. लिहिता येत नसेल तर मुलाने लिहावे. त्यात दिसते की दिवसभर आढ्याकडे पाहत पडला तेव्हा सर्वांत वाईट वाटले आणि शेजारी बैल पाहायला घेऊन गेला तेव्हा जरा बरे. झाले, धागा सापडला. पुढच्या आठवड्यात मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सात वाजता, बांधापर्यंत जाऊन परत यायचे. खुरपे न्यायचे नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक सरी खुरपायची, एकच. मग नोटीस फोडायची. पैसे भरायचे नाहीत, फक्त फोडून वाचायची, आणि तीही भावाला शेजारी बसवून. एखादे दिवशी जमणार नाही. मग का जमले नाही ते पाहायचे आणि काम आणखी लहान करायचे.

स्त्रियांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. तरी घरात तो दिसत नाही, कारण चूल वेळेवर पेटते, भाकऱ्या होतात, गोठा झाडला जातो. अशा बाईला आणखी काम लावणे हा उपाय नव्हे. तिच्याकडे कामाचा तुटवडा नाहीच. तिच्या दिवसातून काय निघून गेले ते पाहा. गायनमंडळात येत असे, ते थांबले. माहेरी जाणे थांबले. परसातली अबोली वाळली. ते परत आणायचे असेल तर तेवढा वेळ घरातल्या दुसऱ्या कोणी चूल सांभाळावी लागेल. बाळंतपणानंतरच्या वर्षात तर सासू आणि नवरा दोघांनीही डोळे उघडे ठेवावेत.

हे सगळे परदेशातले झाले असे कोणी म्हणू नये, कारण या चिकित्सेची एक नावाजलेली परीक्षा आपल्या शेजारी गोव्यात झाली. डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तेथे संगाथ ही संस्था काढली. आपल्या देशात मनोविकारतज्ज्ञ मूठभर, आजारी लाखो. मग हे काम गावचा माणूस करू शकेल काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी दहावीपर्यंत शिकलेली, मानसोपचाराचे कोणतेही शिक्षण नसलेली स्थानिक माणसे घेतली, काही आठवडे शिकवली आणि नंतर एकमेकांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकून सुधारत ठेवली. २०१३ ते २०१५ या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ४९५ रुग्ण निवडले. आजार किरकोळ नव्हता. त्या २७ गुणांच्या यादीत प्रत्येकाचे गुण चौदाच्या वर होते. बहुसंख्य स्त्रिया होत्या. अर्ध्यांना केंद्रातील डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याखेरीज आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास, सहा ते आठ भेटी, बहुतेक घरी किंवा केंद्रात. तीन महिन्यांनी पाहिले तर नुसत्या नेहमीच्या उपचाराने शंभरातील ३९ जण आजारातून बाहेर आले होते. भेटी मिळालेल्यांपैकी ६४. वर्षाने पुन्हा मोजले तेव्हा हे आकडे ४८ आणि ६३ होते. आत्महत्येचे विचारही भेटी मिळालेल्यांत कमी झाले. तीन महिन्यांचा अहवाल २०१७ साली लॅन्सेट या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला.

दहावी शिकलेल्या माणसाने हे केले हे मला फार मोलाचे वाटते. आपल्या धर्मग्रामात दहावी शिकलेल्या मुली कितीतरी आहेत. मात्र ती माणसे शिकवलेली होती आणि त्यांच्यामागे तज्ज्ञ उभे होते, हेही विसरू नये.

कारण या उपायाला मर्यादा आहेत. ज्याला कानात आवाज येतात, जो महिनाभर खिन्न आणि मग महिनाभर भलत्याच उत्साहात उधळपट्टी करतो, जो अन्नपाणी सोडून बसला आहे, त्याला आधी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. बेळगावकरांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आहे, गोवेकरांना बांबोळीची. जिल्हा रुग्णालयातही सोय असते. खिन्नतेच्या गोळ्यांची नशा लागत नाही. परंतु त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी अधिक लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून फेकू नका, आणि बरे वाटले म्हणून मनाने एकदम बंदही करू नका.

पापनिवेदनाबद्दल, आपल्या बोलीत कुमसाराबद्दल, दोन शब्द. पापाची क्षमा तेथे मिळते. पण जे पापच नाही, त्याची टोचणी घेऊन कोणी दर आठवड्याला येत असेल, तर धर्मगुरूने त्याला डॉक्टरांचा पत्ता द्यावा. धार्मिक सेवेत मानसशास्त्राचा उपयोग करा, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ सालीच सांगितले आहे. आत्महत्या केलेल्याला पूर्वी चर्चचा अंत्यविधी नाकारला जात असे; १९८३ च्या धर्मसंहितेत ती बंदी उरलेली नाही. देशाच्या २०१७ च्या कायद्यानेही भूमिका बदलली आहे: असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरावे, त्याला शिक्षा करू नये. तेव्हा पोलिसांच्या किंवा गावाच्या भीतीने कोणी असा प्रसंग दडवून ठेवू नये.

"जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले याचेच बरे वाटते. आणि उत्तर काहीही येवो, घरात खिन्न माणूस असेल तर फवारणीचे औषध घरात ठेवू नका. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आली, आणि पुढच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. तेथेच गावोगाव कुलपाच्या पेट्या वाटूनही पाहिल्या. त्याने फरक पडला नाही. किल्ली खुंटीलाच लटकत असेल तर कसा पडणार? म्हणून लागेल तेवढेच औषध त्या दिवशी आणा, उरलेले घरी परत नेऊ नका, शेजाऱ्याकडे ठेवायला द्या. त्याला कारण सांगायला लाजू नका. रात्री-अपरात्री कोणाला विचारावे हे सुचले नाही तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा क्रमांक फिरवा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, आणि मराठी किंवा कानडी अशी आपली भाषा निवडता येते. आजारी स्वतः बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी फोन केला तरी चालतो.